ड्रॉप घ्यायचा नाही

८ फेब्रुवारी २००३, शनिवार

क्षितिजाचं दुसरं सेमिस्टर आज सुरू झालं. पहिल्या सेमिस्टरला मी काही लिहून ठेवलं नाही, ती चूक झाली. लिहिलं की ढिलाई कुठे होते ते दिसतं. इतकी वर्षं शाळेत बायॉलॉजी शिकवते आहे, एवढं मला कळतं. या वेळी लिहिणार. रोज नाही; लिहिण्यासारखं असेल तेव्हाच.

परिस्थिती अशी आहे. प्री-मेडचं हे एकच वर्ष. दोन्ही सेमिस्टरची सरासरी ठरलेल्या रेषेच्या वर असेल तरच मुलगी मेडिकलला जाते. इथे आखातात आपल्यासारख्या बाहेरच्यांना जागा अगदी मोजक्या. पहिल्या सेमिस्टरला क्षितिजा रेषेच्या जरा वर होती. ‘जरा’ हा शब्द मला आवडत नाही.

विषय पाच. बायॉलॉजी आणि केमिस्ट्रीची काळजी नाही, फिजिक्सची आहे. सकाळी तिला कॉलेजला नेणाऱ्या मजीदची टॅक्सी खाली येऊन हॉर्न वाजवत होती, तेव्हा मी तिला सांगितलं, "अभ्यास हुशारीने होत नसतो, बसण्याने होतो."

"ओके, आई."

"ओके नाही. हो म्हण."

"हो. ओके."

अठरा वर्षांची झाली, घरात मराठी बोलते ती एवढीच.

१९ फेब्रुवारी, बुधवार

शेजारी इराकमध्ये लढाई होणार असं आता सगळेच म्हणतात. बिल्डिंगमधली निम्मी बिऱ्हाडं बायकामुलांना इंडियाला पाठवताहेत. आज हे अहमदीच्या ऑफिसमधून लवकर आले आणि चहा व्हायच्या आतच म्हणाले, "तू आणि क्षिती नाशिकला जा. दोन महिने. मला प्लांट सोडता येणार नाही."

"आणि सेमिस्टर?"

"सेमिस्टर परत येतं, सरू."

"जागा परत येत नाही."

क्षितिजा दारात उभी राहून ऐकत होती. इंग्रजीत म्हणाली, "मी इथेच राहते. बाबा, आईला पाठवा." म्हणजे मला विमानात बसवायचं आणि हिला इथे रान मोकळं! मी म्हटलं, कोणी कुठे जात नाही. त्यावर बापलेकींनी एकमेकांकडे पाहिलं. दोघांचं काहीतरी आधीच बोलून झालेलं असणार.

नव्वद साली इराकी सैन्य इथे घुसलं आणि आम्ही निघालो, तेव्हा ती पाच वर्षांची होती. बसने इराकमधून जॉर्डनपर्यंत. त्याबद्दल इथे लिहायचं नाही. ते झालं, संपलं.

८ मार्च, शनिवार

जमैयात, म्हणजे इथल्या सहकारी भांडारात, चिकटपट्टी संपली. आमच्याकडे आहे, मी जानेवारीतच घेऊन ठेवली होती. मधल्या खोलीच्या खिडकीला प्लॅस्टिक लावून कडा बंद केल्या. विषारी वायूचा हल्ला झाला तर त्या खोलीत बसायचं. दुपारी ते काढून पुन्हा लावलं, कारण एक कड तिरकी होती. संध्याकाळी आणखी एकदा.

वरच्या मजल्यावरची नूरबानू आली होती. मूळची दापोलीची, जाब्रियाच्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन आहे. तिला सुट्टी नाही, त्यामुळे तीही इथेच.

"ताई, काय ही खिडकी! मुंगीसुद्धा आत शिरायला तुमचा पास मागेल."

"चेष्टा नको. तू लावलीस का?"

"लावली की. वाकडी. बाँबला कुठे भूमितीचे मार्क द्यायचेत?" मग माझ्याकडे बघत राहिली. "ताई, झोप होते ना तुमची?"

मी म्हटलं, मला झोप कमीच लागते.

फिजिक्सच्या पहिल्या टेस्टमध्ये क्षितिजा वर्गाच्या खालच्या अर्ध्यात आहे. तिला तासभर बोलले. तिने मान खाली घालून ऐकून घेतलं. ऐकते, हे तिचं चांगलं आहे.

२० मार्च, गुरुवार

आज पहाटे लढाई सुरू झाली. दुपारी भात उतरवत असताना सायरन झाला. पातेलं हातातून सुटलं, गरम होतं म्हणून. हे प्लांटवर. क्षितिजाने मला मधल्या खोलीत नेलं, दाराखाली ओला टॉवेल दाबला, माझा मास्क बांधला, मग स्वतःचा. मास्कचे पट्टे फार घट्ट असतात, श्वास पुरत नाही. डिझाइनच चुकीचं आहे.

मग ती मास्क जरा वर करून म्हणाली, "आई, मला प्रश्न विचार."

"आत्ता?"

"परवा टेस्ट झाली असती. विचार."

मला बरं वाटलं. एवढी वर्षं कानीकपाळी ओरडले ते वाया गेलं नाही. मी विचारलं, "इन्सुलिन कुठे तयार होतं?"

"लिव्हरमध्ये."

माझा कानांवर विश्वास बसेना. "काय? यकृतात? आठवीतलं पोरगं सांगेल!"

"मग कुठे?"

"स्वादुपिंडात! कुठल्या पेशींत?"

"विसरले."

मी मास्क काढून फेकला आणि तिला सगळं स्वादुपिंड पहिल्यापासून शिकवलं. ऑल क्लिअरचा भोंगा कधी वाजला ते मला कळलंही नाही. रागावले होते, पण खरं सांगायचं तर सकाळपासून पहिल्यांदा नीट श्वास आला.

इन्सुलिन यकृतात! ही मुलगी डॉक्टर होणार?

२४ मार्च, सोमवार

कॉलेज बंद, माझी शाळा बंद. दिवसातून कितीही वेळा सायरन. प्रत्येक वेळी तेच: आम्ही दोघी मधल्या खोलीत, ती म्हणते "विचार", मी विचारते, ती चुकते. आज हृदयाच्या डाव्या बाजूच्या झडपेला उजव्या बाजूचं नाव दिलं. क्रेब्ज सायकल केंद्रकात होते म्हणाली. मी उत्तर दिलं की ती म्हणते, "परत सांग ना, सावकाश." माझा हात धरून बसते, लहान मुलीसारखी. घाबरते बिचारी.

विचित्र गोष्ट ही की सायरन थांबल्यावर ती लीनाशी फोनवर बोलत होती. लीना तिच्या वर्गातली, केरळची, आईवडिलांबरोबर साल्मियात राहते. तिला क्षितिजा हीच क्रेब्ज सायकल पायरीपायरीने समजावत होती, एकही चूक न करता. म्हणजे येतं सगळं. माझ्यासमोर लक्ष नसतं एवढंच. मन लागत नाही याचं हे लक्षण आहे. शाळेत पाहिलंय, चांगली मुलं अशीच सुटत जातात. आधी उत्तरं चुकतात, मग वर्ग चुकतात, मग एक दिवस येऊन सांगतात की मला हे करायचंच नाही.

यांना फोनवर सांगितलं. हे म्हणाले, "तिचं मी बघतो. तू जेवलीस का?" प्रश्न काय, उत्तर काय!

१२ एप्रिल, शनिवार

कॉलेज उघडलं. बुडालेले आठवडे आता कोंबून भरणार, पण परीक्षेची तारीख तीच. पाचही विषयांत धावपळ.

संध्याकाळी मी कपडे वाळत घालायला बाल्कनीत गेले होते. क्षितिजाच्या खोलीची खिडकी अर्धी उघडी होती. फोनवर लीना असावी. इंग्रजी चाललेलं, पण मला कळत नाही असं नाही.

"माझं ठरलंय. मी ड्रॉप करतेय. अ‍ॅडव्हायझरशी बोलून झालंय. सोमवार शेवटचा दिवस. आईला इतक्यात नाही सांगणार."



ड्रॉप! माझ्या भावाच्या सुदेशने बारावीनंतर मेडिकलसाठी ड्रॉप घेतला होता. एक वर्ष घरी बसून तयारी करतो म्हणाला. त्या वर्षाची तीन झाली. सकाळी दहाला उठायचा, पुस्तक पोटावर ठेवून छताकडे बघायचा. आता नाशिकला द्वारका सर्कलला मोबाइलची रिचार्ज कार्डं विकतो. ड्रॉप घेतलेलं पोर परत पुस्तकाकडे वळलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

तिला काही बोलले नाही. बोलले असते तर रडारड झाली असती, आणि ती सोमवारी गपचूप जाऊन करून आली असती. मी स्वतःच जाणार.

१४ एप्रिल, सोमवार

काम फत्ते झालं. क्रमाने लिहिते.

क्षितिजा गेल्यावर तासाभराने मजीदला परत बोलावलं. रस्त्यात म्हणाला, "बाजी, खैर तो है? बेटी की तबीयत?" मी म्हटलं, गाडी चालव.

अ‍ॅडव्हायझर लेबनानी बाई आहेत, वयाने माझ्याएवढ्या. मी खुर्चीवर बसलेसुद्धा नाही. सरळ म्हटलं, "माझी मुलगी ड्रॉप घेणार नाही. आमच्या घरात ड्रॉप घेत नाहीत."

त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीने विचार करून ठरवलंय. माझाही तोच सल्ला आहे. हे तिच्या भल्याचं आहे."

भल्याचं! परक्याच्या मुलीचं वर्ष घालवायला यांचं काय जातं! मी म्हटलं, तिचं भलं मी अठरा वर्षं बघते आहे. त्या म्हणाल्या, निर्णय विद्यार्थिनीचा असतो, आणि तिला वर्गातून बोलावून घेतलं.

क्षितिजा आली. मला पाहून जागीच थांबली. "आई, तू कशाला आलीस? अगं, तुला माहीत नाहीये ते–"

"मला सगळं माहीत आहे. ड्रॉप घ्यायचा नाही."

"ऐकून तरी घे. ड्रॉप म्हणजे–"

तेवढ्यात कॉरिडॉरमध्ये कुठलं तरी लोखंडी दार जोरात आपटलं. मी टेबलाची कड धरली. एसी फार होता त्या खोलीत, हात गार पडले होते. क्षितिजा माझ्या हातांकडे बघत राहिली. मग अ‍ॅडव्हायझरना म्हणाली, "राहू दे. मी सगळं ठेवते."

"क्षितिजा, आज शेवटचा दिवस आहे. नंतर मला काही करता येणार नाही."

"माहीत आहे. प्लीज, आईला पाणी द्याल?"

परत येताना टॅक्सीत ती माझ्या शेजारी माझा हात धरून बसून होती. तिला लाज वाटली असणार. वाटू दे. वेळेवर वाटलेली बरी.

१५ एप्रिल, मंगळवार

नूरबानू संध्याकाळी कोळंबीचं लोणचं घेऊन आली. मी तिला कालची हकीकत सांगितली. म्हटलं, थोडक्यात वाचलो, पोरगी वर्ष सोडायला निघाली होती.

ती बरणी हातात धरून उभीच राहिली. "वर्ष? ताई, सोमवारी तर एक-एक विषय सोडायची मुदत होती. आमच्या लॅबच्या मुदीरचा, म्हणजे मोठ्या साहेबांचा मुलगा त्याच कॉलेजात आहे, त्यानेही स्टॅटिस्टिक्स ड्रॉप केलं."

"स्टॅटिस्टिक्स ड्रॉप केलं म्हणजे?"

"म्हणजे तो एक विषय आत्ता सोडायचा आणि उन्हाळ्यात घ्यायचा. अमेरिकन पद्धत आहे गो ती. लढाईने सगळ्यांचाच अभ्यास बुडाला, म्हणून हुशार पोरं जड विषय बाजूला काढताहेत. बाकीच्यांत मार्क चांगले पडतात."

मी विचारलं, "आणि वर्ष?"

"वर्ष कुठे जातंय? वर्ष जागच्या जागी."

क्षितिजाला विचारलं. होय, फक्त फिजिक्स. जुलैमध्ये घेणार होती. अ‍ॅडव्हायझरनी हिशेब मांडून दाखवला होता, ती आरामात रेषेच्या वर राहिली असती.

"मग काल तोंड का नाही उघडलंस?"

"उघडलं होतं," ती म्हणाली.

हे खरं नाही. म्हणजे अर्धं खरं आहे. तिला जोर देऊन बोलता आलं असतं. मला कोणी नीट सांगितलं नाही. त्या अ‍ॅडव्हायझरनेही नाही. ड्रॉपला ड्रॉपच म्हणायचं आणि अर्थ वेगळा घ्यायचा, ही कसली पद्धत?

यांना फोन केला. यांनी आधी ती जेवली का ते विचारलं. मग म्हणाले, "आता तिला रागावू नकोस, एवढं कर."

मी कुठे रागावले?

५ मे, सोमवार

आता रडून उपयोग नाही. फिजिक्स मी घेते. बीएस्सीला मला फिजिक्स दुय्यम विषय होता. तीस वर्षं झाली, पण नियम बदललेले नाहीत.

रोज दुपारी जेवणानंतर दोन तास. ती समोर बसते, मी सोडवून दाखवते. कालचं एक गणित माझं चुकलं. तिने खाली मान घालून माझी चूक वहीत तशीच उतरवून घेतली. मलाच नंतर लक्षात आलं. म्हटलं, दिसलं नाही का तुला? म्हणाली, दिसलं.

"मग?"

"तू छान समजावत होतीस."

अशाने कसं व्हायचं?

२७ मे, मंगळवार

क्षितिजा बारीक झालीय. डोळ्यांखाली काळं. फिजिक्सची लढाईने लांबलेली मिडटर्म वाईट गेली, आणि आता केमिस्ट्रीतही घसरली, कारण सगळा वेळ फिजिक्स खातं. नूरबानूने आग्रह केला म्हणून पुन्हा अ‍ॅडव्हायझरना फोन केला, या वेळी सौम्य आवाजात. त्या चांगल्या बोलल्या. पण मुदत गेली ती गेली.

सायरन थांबून दीड महिना झाला. तरी खाली कोणी गॅसचं सिलिंडर आदळलं की मी मधल्या खोलीत जाऊन उभी असते. सवय. खिडकीचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही. हे म्हणतात काढूया. म्हटलं, राहू दे, धूळ येत नाही.

आज क्षितिजाला म्हटलं, "नको वाटत असेल तर तसं सांग." हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं कोण जाणे.

ती म्हणाली, "मला डॉक्टर व्हायचंय, आई. तू म्हणतेस म्हणून नाही."

७ जून, शनिवार

फिजिक्सची फायनल. बाहेर धुळीचं वादळ, समोरची बिल्डिंग दिसत नव्हती. परत आली तेव्हा केसांत, पापण्यांवर वाळू. मी विचारायच्या आत म्हणाली, "तीन प्रश्न सुटले." पाच होते.

१८ जून, बुधवार

रेषेच्या खाली. जरा खाली.

लीना वर आहे. लीनाने फिजिक्स ड्रॉप केलं होतं.

१९ जून, गुरुवार

आठवड्याची सुट्टी. हे घरी होते. म्हणाले, पुण्याला बीएस्सीला घालू, काही बिघडत नाही. क्षितिजाने सांगितलं की बाहेरच्या मुलांची जागा शिल्लक राहिली तर प्री-मेडचं वर्ष एकदा पुन्हा करता येतं. तिने अर्ज दिलाय. मला न विचारता.

मी म्हटलं, "मी अ‍ॅडव्हायझरकडे जाऊन सांगते. चूक माझी होती, मला शब्द कळला नाही, तिला शिक्षा नको."

"नको, आई."

"का? मला लाज वाटत नाही सांगायला." वाटते, पण सांगितलं असतं.

तेव्हा ती मराठीत बोलली. अडखळत, पण सगळं मराठीत. "शब्द तुला कळला नव्हता. मला कळत होता ना? मी भांडले असते तर फिजिक्स सुटलं असतं. पण दार वाजलं आणि तू अशी थरथरायला लागलीस की मला फिजिक्स दिसेनाच. मला वाटलं, तू पडतेस आता."

"मी थरथरत नव्हते. एसी–"

"आई."

यांनी पेपर बाजूला ठेवला.

"मी वर्ष परत करते," ती म्हणाली. "सगळं पहिल्यापासून. पण एका अटीवर. नूरबानू मावशींच्या हॉस्पिटलमध्ये एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे तू यायचं. मी बरोबर येईन."

"मला काय झालंय?"

"तेच विचारायला जायचं."

आयुष्यभर मुलांना अटी घातल्या. मला कोणी घातली नव्हती. मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघू नाही. हो म्हण.

२ जुलै, बुधवार

गेले. डॉक्टर तरुण आहे, माझ्या विद्यार्थ्याच्या वयाचा. झोप, धडधड, आवाज, सगळं विचारलं. मी नेमकी उत्तरं देत होते. क्षितिजाने आधीच काहीतरी सांगून ठेवलं असावं; मध्येच त्याने विचारलं, स्वयंपाकघर ते मधली खोली, दिवसातून किती वेळा जाऊन बघता? मी म्हटलं, लागेल तेव्हा. क्षितिजा शेजारी बसली होती. तिला आकडा माहीत होता. तिने तो सांगितला नाही, माझ्याकडे बघत थांबली. शेवटी मीच सांगितला.

गोळ्या दिल्यात, आणि दर आठवड्याला येऊन बोलायचं म्हणाला. कशाबद्दल? म्हणाला, ज्याबद्दल बोलायचं नाही असं तुम्ही ठरवलंय त्याबद्दल. आगाऊ आहे. पुढच्या बुधवारची वेळ घेतली.

११ ऑगस्ट, सोमवार

जागा मिळाली. पत्र हातात धरून क्षितिजा खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी बाहेर उभी होते. रडते आहे की हसते आहे ते कळेना. दार वाजवलं नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

तिचं वर्ष पुन्हा सुरू झालं. बरोबरची मुलं पुढे गेली, ही लहान मुलांमध्ये बसणार. लीना आता मेडिकलच्या इमारतीत पांढरा कोट घालून जाते. सकाळी निघताना क्षितिजा आमच्या जिन्यात दोन मिनिटं थांबली होती. वरून दिसत होती. मग उतरून गेली.

या वेळी तिने कुठले विषय घेतलेत ते मी विचारलेलं नाही. विचारावंसं वाटत नाही असं नाही. सकाळपासून तीनदा वाटलं.

दुपारी आली. हात धुऊन जेवायला बसली. मी समोर बसले. दिवस कसा गेला, शिक्षक कोण, पहिली टेस्ट कधी, सगळं जिभेवर होतं.

"भाजी कशी झालीय?" मी विचारलं.

"खारट," ती म्हणाली. "खूप."

मी घास घेतला. खरंच खारट होती. तिने दही वाढून घेतलं आणि आम्ही दोघींनी ती संपवली.